जाळीवरची शेपटी

केशोरीच्या दवाखान्यातील रांगेत निवृत्त तंत्रशिक्षक मनिराम यांच्यापुढे सुशिलाबाई, त्यांची सून दुर्गेश्वरी आणि शेजारीण रेणू उभ्या होत्या.

“काऊन वो दुर्गा, ते बांडी पाल अजून घरातच हाय?” रेणूने विचारले.

“हाय ना! सासूबाईच्या झाडूनं शेपटी तुटली. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत नवी फुटली तर राहू दे, नाही तर हाकलून देतो.”

“मंग?”

“खिडकीच्या जाळीवर बसते, तं मी रोज जाळीची घरं मोजून राहिली. पयले शेपटी दोन घरं होती, मंग सात. काल बारा!”

“फेकून राहिली!”

एक घर किती मिलिमीटरचे, हे विचारण्यासाठी मनिराम पुढे झुकले. पण सुशिलाबाई आधीच कडाडल्या,

“आपल्या पालीची शेपटी कमी काऊन सांगून राहिली वो? तेरा हाय. आज पहाटे मी सोता मोजली!”