बाराव्या वर्षाची जाहिरात

— नाही वहिनी, त्या खणात हात घालू नका. त्यात छपाईचे खिळे नाहीत. बसा त्या स्टुलावर. तुमची जाहिरात मीच जुळवतो, दरवर्षी मीच. चार बुकं शिकलेला माणूस पेपर काढतो म्हणून घाटकोपरात हसतात — हसू देत. ब्रह्मदेशात रणगाडा चालवला, इथं छापखाना चालवायला काय लागतं?

काय लिहून आणलंत? ‘गुणाजी धाकू परब, लढाईत बेपत्ता, बारा वर्षं झाली, पंधरा दिवसांत खबर न आल्यास —’ हां. दर्भाचा पुतळा करून दहन. भटजींनी सांगितलं ना? ठाऊक आहे नियम. म्हणजे पुढच्या वर्षी जाहिरात नाही. म्हणजे तुम्हीही — नाही, सहज विचारलं. बाकीचे येतात, कागद टाकतात, उभ्या उभ्या जातात. तुम्ही बसता. चहा घेता. गावाकडं फणस कसे लागले ते सांगता. मला वर्षात तेवढंच.

पण पुतळा कशाला? गुणाजी नाल्यात उतरला होता, हे सांगितलंय मी. आमच्या रणगाड्यापुढं उभा राहून हातानं वाट दाखवत होता. गोळ्या सुरू झाल्या. मी माझ्या डोक्यावरचं झाकण ओढून घेतलं. गाडी मागं घे म्हणून हुकूम आला, घेतली. हुकूम तो हुकूम. तो माझ्याच बाजूला पत्र्यावर पाना आपटत होता — तीनदा. हे नव्हतं सांगितलं? नसेल. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणतात. येतं.

संध्याकाळी एकटा परत गेलो. होता तिथंच. या हातांनी माती दिली. कुणाला बोललो नाही, झाकण का उघडलं नाहीस म्हणाले असते. साहेबांना सांगितलं, दिसला नाही. तुम्हालाही तेच. पहिल्या वर्षी भीती होती, वहिनी. पुढं भीती नव्हती. पुढं — तुम्ही जाहिरात घेऊन येत होतात, एवढंच.

उघडा आता तो खण. गुणाजीच्या गळ्यातला बिल्ला आहे, वर नंबर त्याचाच. पंधरा दिवस वाट बघायला नको. बोला की. शिव्या द्या, ऐकून घेईन.

अहो — काय करताय? कुंकू इथं नका पुसू. माझ्यासमोर नको. बिल्ला घ्या आणि घरी जा. जा म्हणतो ना.