तेलकट पाणी

—थांब थांब, तो पाईप खोलू नको, आधी ऐक. मितेश ना तू? मनाली म्याडमनं पाठवलं, मशीन उचलून दापोड्याकडं न्यायला, खारबावात कोन पाणी भरत न्हाय म्हणून — म्हाईत हाय. बरोबर हाय तिचं. कोन कशाला भरल? मीच तर सगळ्यांना सांगितलं, ह्या पाण्यात तेल हाय.

हसतो काय? आमच्या हिरीचं पाणी मचूळ, खाडी जवळ ना. जन्मभर त्यानंच आंघोळ — साबण घासून हात मोडला तरी फेस न्हाय. म्याडमनं मशीन बसवलं, पहिला हंडा मला दिला, मी घेतला आंघोळीला — फेसच फेस, आणि दहा तांबे ओतले तरी अंग बुळबुळीत. तसाच टॉवेलावर नाक्यावर गेलो. म्हटलं, तेल घालतात, हात लावू नका. म्याडम समजावत होती, बाबा, पाण्यातला खार निघाला का साबण असाच लागतो. ती एवढी इंजिनेर, मी तिसरीत शाळा सोडलेला — आणि गावानं ऐकलं कुणाचं? ह्या हिरामणचं. तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लोक पुन्हा भिवंडीवरून जार आणायला लागले — एका जारच्या पैशात हिथं आठवडाभर हंडे भरता येतात, पण माझा शब्द ना.

परवा जेवताना हौसाला, माझ्या बायकोला, म्हटलं, ही डाळ कुठून आणली, लोण्यासारखी शिजली. ती म्हणते, डाळ तीच, पाणी मशीनचं — होळीपासून. म्हणजे मी तेच पाणी पिऊन गावभर त्यालाच शिव्या देत होतो. वर मला विचारते, "तुमच्या पोटातली कळ कुठं गेली, ते कधी मनात आलं का?" उठून माझं ताट मीच घासलं. तिच्यापुढं कधी न्हाय ते — हे तुला कशाला सांगतोय मी, जाऊ दे.

सकाळी नाक्यावर जाऊन बोललो, माझं चुकलं. टपरीवाल्या रघूनं पळत खुर्ची आणली, बसा म्हणाला, डॉक्टरला बोलवू का. सत्तर वर्षांत माझ्या तोंडून कुणी ऐकलंच न्हवतं ना.

ते बघ, बाया हंडे घेऊन आल्या. बाजूला हो, पाना आत ठेव. म्याडमला सांग, हिरामण — न्हाय, तू काय सांगू नको. तिला मीच सांगीन. जा आता.