उत्तरवाडीचा बांध

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे मुख्याध्यापक, मशिदीचे इमामसाहेब, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, खिडकीपाशी दाटीनं बसलेल्या मासळीबाजारातल्या बायका, आणि आजचे सत्कारमूर्ती, आपले गुरुजी पाक दार्योनो, आपणा सर्वांना सलाम. मी तुर्मिनी. आठ वर्षं तंबाकरेजोची सरपंच होते, त्यामुळे लांबण लावायची खोड आहे. आज ती आवरते.

गुरुजींनी इथं बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. मी त्यांच्या पहिल्या वर्गातली. पुस्तक उघडण्याआधी त्यांनी आम्हाला कबरस्तानात नेलं होतं. उंचवट्याच्या कडेला हातभर खणलं, तर शिंपलेच शिंपले!

"पाक, हे मयतांनी खाल्ले का?" मी विचारलं, आणि कान पिरगाळून घेतला.

मग ते म्हणाले, "पोरी, तू जुन्या किनाऱ्यावर उभी आहेस. एके काळी समुद्र इतका खाली होता, की जावाहून बोर्निओला चालत गेली असतीस. मग तो चढला, आजच्याहूनही वर आला. ही वाळू तेव्हा लाटांनी रचली. पाणी उतरलं, नद्यांनी गाळ आणला, आणि त्या गाळावर तुझं घर आहे. किनारा एका जागी बसत नाही."

परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी मिळाले. कळलं मात्र काहीच नव्हतं.

पुढं काय झालं ते तुम्ही जाणताच. समुद्र चढत गेला, जमीन दबत गेली. समुद्रालगतच्या उत्तरवाडीत भरतीचं पाणी चुलीत यायला लागलं. आपण घरातली जमीन भर घालून उचलली, एकदा, दोनदा, तीनदा. छप्पर होतं तिथंच. माझे यजमान स्वतःच्या घरात कमरेत वाकून वावरायचे. विकून जावं म्हटलं, तर पाण्यातलं घर घेणार कोण?

मी बांध घालायचं वचन देऊन निवडून आले. गुरुजी कचेरीत आले.

"तुर्मिनी, बांधाला दारं ठेव. नुसती भिंत घातलीस तर समुद्राबरोबर गाळही बाहेर राहील. मग जमीन वर कशी यायची? खड्ड्यात बसशील, बाई."

"पाक, लोकांना बांध हवाय. धडा नकोय," मी म्हटलं. बाकावर बसलेली मंडळी हसली. मलाही बरं वाटलं.

त्यांनी हेच पत्रात लिहून दिलं होतं, ग्रामसभेत वाचायला. मी ते वाचलं नाही. कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि बिनदाराचा बांध घातला. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय.

माझ्या सरपंचकीच्या चौथ्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, जानेवारीत तीन दिवस पाऊस लागला, आणि चौथ्या दिवशी भर दुपारी भरती बांधावरून आत आली. आत आलेलं पाणी जाणार कुठून? नऊ दिवस ते आपल्याबरोबर राहिलं. माझ्या सासूबाई टेबलावर बसून होत्या, डोकं वाशाला टेकलेलं. म्हणाल्या, "समुद्राला बाहेर ठेवायला बांध घातलास ना गं? मग कोंडलंय कोण, तो की आम्ही?"



नवव्या दिवशी गुरुजी होडीतून आले. होडीत दोन कुदळी. "ओहोटीला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा कमरेभर खाली असतं. जुन्या खाडीच्या तोंडाशी फोडू या."

"आणि भरतीला?"

"भरतीला समुद्र येईल. रोज येईल. उत्तरवाडी जाईल. उंचवट्यावरचं गाव राहील."

"तिथं सव्वीस घरं आहेत, पाक."

"ठाऊक आहे. त्यातलं एक माझं."

बांधावर उत्तरवाडीची माणसं जमली होती. कुणी शिव्या देत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. मी माझी कुदळही गुरुजींपुढं केली. गुरुजी हळूच म्हणाले, "सरपंच तू आहेस. पहिला घाव तुझाच हवा." मी घातला. दुसरा त्यांनी. मग शिव्या देणाऱ्यांनीच कुदळी हिसकावून घेतल्या आणि बांध फोडला.

संध्याकाळपर्यंत गल्ल्या दिसल्या. सासूबाईंना खाली उतरवलं. तिसऱ्या महिन्यात गुरुजींचं घर कोसळलं.

आज खाडीच्या तोंडाशी पोटरीभर गाळ साठलाय, त्यात तिवराची रोपं धरलीत. म्हणून आपण सुटलो का? चाळीस पावलं रुंद उंचवट्यावर आपण सगळे राहतो, कबरींना लागून चुली. जागेसाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा गुरुजींचं नाव निघालं नाही. मी यादी बदलायला निघाले होते. ते म्हणाले, "खबरदार!" पाच वर्षं नवरा-बायको शाळेच्या सामानाच्या खोलीत राहिले. आज निवृत्त झाले, खोली सोडावी लागतेय. म्हणून ते डोंगरात लेकीकडे चाललेत. हौसेनं नाही.

बू रुक्मी, गुरुजींच्या पत्नी, पहिल्या रांगेत आहेत. पाच वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, ज्यांनी पहाटेपासून भात रांधला, मासे भाजले, त्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. ते पत्र मात्र घालू नका. त्याची माफी मी फक्त बू रुक्मींकडे मागते, आणि त्यांनी ती दिलीच पाहिजे असंही नाही.

जेवणं लवकर उरकू या. आज साडेतीनला भरतीनं रस्ता पाण्याखाली जातो, गुरुजींची गाडी त्याआधी सुटायला हवी. आपण इथंच आहोत, आपल्याला काही घाई नाही. सलाम.