वर्षाला एक घोट

मी हात उचलला आणि नानांच्या कानाखाली मारली. चष्मा उडाला, मोरीपाशी जाऊन पडला. डोकं भिंतीवर आपटलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस. त्यांनी गालही चोळला नाही. म्हणाले, "एवढंच?"

मंडळी, ही गेल्या महिन्यातली गोष्ट. त्यानंतर दहा दिवसांनी नाना गेले. हृदयाने गेले, माझ्या हाताने नाही. तरी त्यांच्या फोटोपुढे उभं राहून हेच आधी तोंडात आलं. तुम्ही पर्वत पाटियाहून, कतारगामहून कामाची पाळी सोडून आलात. आधीचे चौघे नानांना देवमाणूस म्हणाले. मला तसं म्हणता येत नाही. काकू, नाना तुमचे, तरी तुम्हीच बोल म्हणालात, म्हणून बोलतो.

नाना मारायचे. इथे बसलेल्यांत कुणी मार खाल्ला नाही? रमेश, तुझा पुढचा दात कुठे आहे? हसू नका. जाळी न लावता माग चालवलास, म्हणून नानांनी पाडला तो. नाना का मारायचे ते सगळ्यांना माहीत आहे. कधीपासून मारायला लागले, ते माहीत नाही.

सोळा वर्षं झाली. दिवाळीची घाई होती. नाना मुकादम. मागापुढे लोखंडी जाळी असते, आडवा धागा नेणारा धोटा उडून माणसाला लागू नये म्हणून. पण जाळी असली की तुटलेला धागा सांधायला वेळ लागतो. नानांनी रात्रपाळीला सगळ्या जाळ्या काढायला लावल्या. नानांनी. तिसऱ्या दिवशी धोटा उडाला आणि त्याचं लोखंडी टोक माझ्या भावाच्या कानशिलात घुसलं. साहेबराव जागीच गेला. बाकीचे माग बंद करायचं कुणाला सुचलं नाही. रक्त पडत होतं आणि शेजारी कापड विणलं जात होतं.

शेठने नानांच्या हातात एक बाटली ठेवली. विलायती दारू, सिंगल मॉल्ट, डब्यासकट. म्हणाला, "पोराने स्वतःच जाळी काढली, असं चौकीत सांग."

नानांनी तसं सांगितलं. त्या रात्रपाळीतले कारागीर मला खरं सांगून गावी गेले, ते परतलेच नाहीत.

मी एकोणीस वर्षांचा. कॉलेजात मराठी शिकत होतो. मागाचा लाकडी दांडा घेऊन त्यांच्या घरी गेलो. पहिल्या फटक्याला खांदा. दुसऱ्याला उजव्या हाताची दोन बोटं मोडली, आवाज झाला. तिसऱ्या वेळी काकू मध्ये आल्या. नाना म्हणाले, "सरक. मारू दे." मग त्याच हाताने बाटलीचं बूच काढलं. सुपारीही न खाणारा माणूस. एक घोट घेतला आणि भडभडून ओकले.

"जाळतं रे भाऊ," म्हणाले. "दर वर्षी साहेबरावच्या दिवशी ये. मी एक घोट घेईन, तू बघ. नही घेतला तर चौकीत जा. सांग, बाटली घरात आहे."

मी म्हणालो, "घोट नको. खरं सांगा."

ते घाबरले. नाही सांगितलं.

मी दर वर्षी गेलो. का गेलो? त्यांचं जळताना बघायला. डोळ्यांत पाणी यायचं, मानेच्या शिरा तटतटायच्या. मला बरं वाटायचं.

या वर्षी त्यांनी दोन पेले काढले. बूच वाळून गळ्यातच मोडलं. रुमालातून गाळून ओतलं. "पी," म्हणाले. मी प्यालो. धुराचा वास होता, पण विझलेल्या चुलीचा. गोडी होती, ओल्या पुठ्ठ्यासारखी. बाटलीत तळाशी चार बोटं उरलेली, वर सोळा वर्षांची हवा. जाळ नव्हता.

"काही लागत नही ना?" नाना म्हणाले. "तीन वर्षं झाली. मी तुझ्यासमोर खोटंच तोंड वाकडं करत होतो. आते हिच्यात काही नही राहिनं. आते तू मार."

मी मारलं. ते मघाशी सांगितलं.

"एवढंच?" म्हणाले. मग भिंतीला धरून बसले. "मला खरं सांगणं जमलं नही. मी मेल्यावर सगळ्यांसमोर तू सांग."

सांगतो. मंडळी, जाळी साहेबरावने काढली नव्हती. सोळा वर्षं तुम्ही माझ्या भावाला निष्काळजी म्हणालात. आईच्या तोंडावर म्हणालात. ती ते ऐकतच गेली. जाळी नानांनी काढायला लावली. खोटं नानांनी सांगितलं.

मी त्यांना माफ केलं का? काकू, नाही. पण त्या दिवशी मी मारलं, आणि मग मोरीपाशी जाऊन त्यांचा चष्मा उचलून दिला. त्यापुढचं मला माहीत नाही.

आता उभे राहा. दोन मिनिटं. पहिलं साहेबरावसाठी, दुसरं नानांसाठी. त्याआधी एकच सांगतो.

मी मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बघायला कारखान्यावर गेलो. नाना सातला आले. गाल सुजलेला होता, चष्म्याला दोरा बांधलेला. चोवीस मागांच्या जाळ्या त्यांनी एकेक करून हाताने हलवून बघितल्या. मग माग सुरू करायला सांगितलं.