चौतिसावा किलोमीटर

(केनियातल्या इटेन गावाजवळ किमाइयोचं अंगण. रविवार, दुपार कलत आलेली. किमाइयो मक्याचे दाणे काढत बसलाय. त्याची लेक जेमेली सकाळी एल्डोरेटची अर्धमॅरेथॉन धावून नुकतीच आलीय. चहा देतेय ती त्याची थोरली बहीण, टापरांदिच.)

टापरांदिच : …आणि तेराव्या किलोमीटरपर्यंत रेडिओवाला तुझं नाव घेत होता गं! ‘आपल्या इटेनची जेमेली पुढच्या सहा जणींत आहे’, चार वेळा म्हणाला. मग एकदम गप्प. मी म्हटलं, मेली बॅटरी गेली वाटतं.

जेमेली : बॅटरी ठीक होती, आत्या. मीच गेले होते.

टापरांदिच : कितवी आलीस मग?

जेमेली : एकोणिसावी. एक तास एकोणीस मिनिटं.

टापरांदिच : मिनिटांतलं मला काय कळतंय? एकोणिसावी तेवढं कळतं. अगं, गेल्या वर्षी ह्याच रस्त्यावर तिसरी आलीस तू! चर्चमध्ये नाचले होते मी, गुडघे धरलेले असताना.

किमाइयो : ताई, चहा पिऊ दे तिला.

टापरांदिच : पिऊ दे की. मी काय कप धरून ठेवलाय? पण झालं काय ते तरी सांगशील?

जेमेली : पोटात कळ आली. चौदाव्याला, चढावर.

टापरांदिच : बघ! कुणीतरी काहीतरी पाजलं असणार. त्या टेबलावरच्या बाटल्या भरतं कोण? आपल्या घराच्या मागेच लागलेत हे लोक. तुझ्या बापाला त्या लाल टोपीवाल्या मॅनेजरनं भर शर्यतीतून दंड धरून बाहेर काढलं. का, तर त्याचा स्वतःचा माणूस मागे पडला होता. वीस वर्षं झाली, पण ती टोपी आठवली की अजून मला घास जात नाही.

किमाइयो : गाय हंबरतेय, ताई.

टापरांदिच : हंबरू दे. तिलाही राग आला असेल… जाते बाई, जाते. पण जेमेली, त्या तुझ्या कोचला विचार, म्हणावं, बाटल्या भरतं कोण!

किमाइयो : गेली. आता सांग, कोच काय म्हणाला?

जेमेली : संध्याकाळपर्यंत फोन कर म्हणाला. नुसती कळ असेल तर औषध घे, सहा आठवड्यांनी मॅरेथॉनला तूच जायचंस. दुसरं काही असेल तर सिल्वियाला पाठवतो. जागा एकच आहे.

किमाइयो : कळ कुठल्या बाजूला आली?

जेमेली : उजव्या.

किमाइयो : मघाशी फाटकातून आलीस तेव्हा डाव्या बाजूला हात होता.

जेमेली : तुम्ही पोलीस आहात का, बाबा?

किमाइयो : पेसर होतो. अकरा वर्षं. दुसऱ्यांना तीस किलोमीटरपर्यंत ओढून न्यायचं आणि बाजूला व्हायचं. मागच्याचा श्वास ऐकून सांगायचो, कोण खरं दमलंय आणि कोण नाही.

जेमेली : माझा श्वास ऐकायला तुम्ही तिथे नव्हता.

किमाइयो : आता ऐकतोय.

जेमेली : काही दुखत नव्हतं. बास? पोट ठीक, पाय ठीक, श्वास ठीक. तेरा किलोमीटर त्या पाच जणींच्या खांद्याला खांदा लावून होते. मग चढ लागला. पुढच्या मुलीत आणि माझ्यात एक पाऊल अंतर पडलं. एकच. सहज भरून निघालं असतं. मी बघत राहिले. दोन झाली. चार झाली. मनात आलं, जाऊ दे. इतकंच. जाऊ दे. आणि त्या गेल्या. दुखलं असतं तर बरं झालं असतं हो, बाबा.

किमाइयो : मग कोचला कळ का सांगितलीस?

जेमेली : काय सांगायला हवं होतं? बारा आठवडे पहाटे पाचला उठतेय. गेल्या महिन्यात भर पावसात अडतीस किलोमीटर केले, चिखलानं बुटांची वजनं दुप्पट झाली होती. आणि आज, कोरड्या रस्त्यावर, मला ‘जाऊ दे’ वाटलं? कळ आली म्हटलं की माणसं पाठीवरून हात तरी फिरवतात.

किमाइयो : फिरवतात. माझ्या पाठीवरून वीस वर्षं फिरवतायत.

जेमेली : तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला काढलं.

किमाइयो : कुणी काढलं नाही.

जेमेली : म्हणजे?

किमाइयो : टोपीवाला शेवटच्या रेषेपाशी उभा होता. आठ किलोमीटर लांब. त्यानं माझा दंड कसा धरावा?

जेमेली : थट्टा करताय.

किमाइयो : तिसाव्याला बाजूला व्हायचं होतं मला. पण पाय असे हलके होते त्या दिवशी! आणि पेसरनं पुढे धावायचं म्हटलं तर चालतं, कुणी अडवत नाही. मी धावत राहिलो. एकतीस. बत्तीस. मागे वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना लोक टाळ्या वाजवतायत, पुढे फक्त घड्याळाची गाडी. छातीवर माझं नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा. तेहतीस. चौतिसाव्याला पाण्याचं टेबल आलं. मी बाटली उचलली आणि उभा राहिलो. सगळं पाणी प्यालो. शांतपणे, घोट घोट.

जेमेली : दमला होतात?

किमाइयो : नाही.

जेमेली : मग?

किमाइयो : माहीत नाही. वीस वर्षं विचार केलाय. इतकी वर्षं कुणाला तरी मागे घेऊन धावलो, त्या दिवशी मागे कुणी नव्हतं. भीती वाटली म्हण. बाटली संपेपर्यंत मागून दुसऱ्या नंबरचा आला. जाताजाता हात वर करून मला म्हणाला, आभारी आहे. पेसरला म्हणतात ना, तसं. तोच जिंकला.

जेमेली : आणि टोपीवाला?

किमाइयो : घरी आलो तेव्हा तुझी आई फाटकात उभी होती. सगळी आळी मागे. म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, मॅनेजरनं काढलं. पटकन तोंडातून गेलं. तू सहा वर्षांची होतीस. त्याला बुटानं मारीन म्हणालीस.

जेमेली : आई दर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करायची! ‘देवा, त्या माणसाला क्षमा कर, त्याला कळलं नाही तो काय करतोय.’ मोठ्यानं म्हणायची, सगळ्यांसमोर!

किमाइयो : हो. मी शेजारी बसून आमेन म्हणायचो.

जेमेली : आणि तिला कधी सांगितलं नाहीत?

किमाइयो : सांगणार होतो. रोजच सांगणार होतो. मग ती आजारी पडली. मग तिला पाणीसुद्धा गिळवेना. तेव्हा म्हटलं, आता कशाला. शेवटच्या आठवड्यात एकदा माझा हात धरून म्हणाली, त्या माणसाला आपण माफ केलं ना रे? मी म्हटलं, केलं.

जेमेली : तिनं कुणाला माफ केलं, बाबा? काही न केलेल्या माणसाला! आणि ज्याला करायचं तो शेजारी बसला होता.

किमाइयो : ओरड. ओरड माझ्यावर.

जेमेली : मी धावायला लागले ती त्या टोपीवाल्यासाठी! शाळेत असताना दर शर्यतीत तो मला पुढे दिसायचा. त्याला गाठायचं, एवढंच डोक्यात. आजही चढावर…

किमाइयो : आज दिसला?

जेमेली : नाही. आज कुणीच दिसलं नाही.

किमाइयो : म्हणूनच सांगितलं. नाहीतर हे माझ्याबरोबरच जायचं होतं. पोरी, कळ एकदा सांगितली की ती बरी होत नाही. उद्या आत्या आळीभर सांगेल, परवा बाजारात ऐकशील, आणि दहा वर्षांनी तुझं तुलाच खरं वाटेल. मला अधूनमधून वाटतं. दंडावर त्याची बोटं जाणवतात.

जेमेली : खरं सांगितलं तर कोच मला पाठवणार नाही.

किमाइयो : नाही पाठवणार.

जेमेली : तरी सांग म्हणताय?

किमाइयो : मी काहीच म्हणत नाही. मला तो अधिकार नाही.

जेमेली : फोन द्या तुमचा. माझ्यात चार्जिंग नाहीये… हॅलो, कोच? जेमेली. बाबांच्या फोनवरून… नाही, औषध नको. कळ नव्हती… नव्हतीच. मी खोटं बोलले… नाही, पायही नाही. मी सोडून दिलं. चढावर… हो. ऐकतेय… हो… कळलं… कधी?… बरं. ठेवते.

किमाइयो : काय म्हणाला?

जेमेली : म्हणाला, सिल्विया जाईल.

किमाइयो : हं.

जेमेली : मंगळवारी मैदानावर ये म्हणाला. सगळ्यांच्या मागे धाव, घड्याळ घरी ठेव.

किमाइयो : जाशील?

जेमेली : आत्ता विचारू नका… मला तुमच्याकडे बघवतही नाहीये, बाबा.

किमाइयो : बघू नकोस. ते टोपलं इकडे सरकव, म्हणजे झालं.

जेमेली : एवढा मका दोन दिवसांत निघायचा नाही तुमच्यानं. द्या इकडे अर्धा.

किमाइयो : अंगठा सोलवटेल. नवीन कणसं आहेत.

जेमेली : सोलवटू दे. आत्याला कोण सांगणार?

किमाइयो : मीच. दूध काढून येऊ दे तिला.

जेमेली : आजच.

किमाइयो : आजच.

जेमेली : …चौतिसाव्याच्या पुढे रस्ता कसा होता?

किमाइयो : कोण जाणे. मला गाडीत घालून आणलं.

जेमेली : गाडीला खिडक्या होत्या ना?

किमाइयो : होत्या. मी खाली बघत होतो.