ओडेलच्या बदल्यात

(बफेलोच्या बास्केटबॉल संघाची उपचारखोली. फेब्रुवारीतला गुरुवार, सकाळचे साडेदहा. टेबलावर पाय लांब करून बसलेला ओडेल विकरी, वय छत्तीस, अकरा वर्षं याच संघात. त्याच्या गुडघ्याशी हार्लन, संघाचा म्हातारा डॉक्टर. नुकतीच आत आलेली रेनाटा वोइचिक, संघाची जनरल मॅनेजर. अंगात अजून कोट.)

रेनाटा: ...म्हणून म्हटलं, आपणच जाऊन सांगावं. टीव्हीवर खाली पळणाऱ्या पट्टीत वाचण्यापेक्षा बरं.

ओडेल: ते बरं केलंस. चौदा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या संघाने मला दुसऱ्या शहरातल्या संघाला देऊन टाकलं ना, तेव्हा मी सलूनमध्ये होतो. अर्धं डोकं भादरलेलं. न्हाव्यानेच टीव्हीवर वाचून दाखवलं. वर म्हणतो कसा, आता उरलेलं तिकडेच कापून घे.

रेनाटा: अजून ठरलेलं नाही काही. तीन वाजेपर्यंत मुदत आहे. तीननंतर यंदा कुणालाच कुठे पाठवता येणार नाही. फिनिक्सवाल्यांनी काल तुझ्याबद्दल विचारलं, मी म्हटलं दुपारी सांगते.

ओडेल: फिनिक्स! चला, फावडं तरी सुटेल हातातलं. आज सकाळी गाडी काढायला चाळीस मिनिटं बर्फ उपसत होतो.

हार्लन: हलू नकोस.

ओडेल: माझ्या बदल्यात काय देतायत?

रेनाटा: ड्राफ्टमधला त्यांचा पहिल्या फेरीचा नंबर. या उन्हाळ्यातला.

ओडेल: पहिल्या फेरीचा? माझ्यासाठी? पिऊन होते का?

रेनाटा: शुद्धीत होते. मी दोनदा विचारलं.

हार्लन: पहिल्या फेरीचा म्हणजे काय, तेही सांगा की बाईसाहेब. ते जिंकतायत. नवी पोरं निवडताना जिंकणारा ड्राफ्टच्या रांगेत शेवटी. म्हणजे अठ्ठाविसावा, फार तर सत्ताविसावा नंबर. चांगली चांगली पोरं आधीच्यांनी उचलली, की उरलंसुरलं आपल्या ताटात.

रेनाटा: रांग कशी लागते ते मला ठाऊक आहे, डॉक्टर.

हार्लन: असणारच. चार वर्षं नंबरच तर गोळा करतोय आपण. मागे पहिल्या फेरीत घेतलेला पोरगा कुठाय सध्या?

रेनाटा: तुर्कस्तानात खेळतो.

हार्लन: आणि त्याच्या आधीचा?

रेनाटा: त्याने खेळ सोडला.

ओडेल: गाड्या विकतो तो, टँपाला. ख्रिसमसला कार्ड पाठवतो. चांगलं चाललंय त्याचं.

हार्लन: झालं तर. आणि आता घरात जो एक धड माणूस आहे, तोही काढा. केशॉनसारखी वीस वर्षांची पोरं कुणाकडे बघणार? तुमच्या त्या तक्त्यांकडे?

रेनाटा: डॉक्टर, पन्नास सामने झाले. अकरा जिंकलो. हा होता म्हणून अकरा, नसता तर नऊ. दोन सामन्यांसाठी मी पहिल्या फेरीचा नंबर सोडला, असं मालकाला सांगू? उन्हाळ्यात याचा करार संपतोय. मग हा फुकटच जाईल. आज काहीतरी मिळतंय. अठ्ठाविसावा तर अठ्ठाविसावा. अठ्ठाविसाव्या नंबरची पोरंही कधीकधी निघतात.

हार्लन: कधीकधी विहिरीतही पैसे सापडतात.

ओडेल: बरोबर बोलतेय ती, डॉक. मी तिच्या जागी असतो तर कालच हो म्हणून झोपलो असतो.

रेनाटा: मी नाही झोपले. तीन वर्षांपूर्वी करार केला, तेव्हा तुला म्हणाले होते, तुझा शेवटचा सामना इथेच होईल. मी शब्द दिला होता.

ओडेल: शब्द तू दिलास. मी कुठे घेतला होता?

रेनाटा: असं बोलू नकोस.

ओडेल: खरंच सांगतो. तेव्हाच घरी बायकोला, व्हर्लीनला म्हटलं, बाई चांगली आहे, पण खुर्ची तिची आहे, आणि खुर्ची काय बोलेल ते तिलाही ठाऊक नाही. तुझ्यावर राग नाही माझा. अगं, चेहरा तर बघ तुझा. कधी जेवलीस?

रेनाटा: ते सोड. मी विचारायला आलेय. नियमाने विचारायची गरज नाही, तरी विचारतेय. तुला जायचंय का?

हार्लन: नाही म्हण.

ओडेल: जायचंय.

हार्लन: ओडेल...

ओडेल: जायचंय, डॉक. खोटं कशाला बोलू? सतरा वर्षं खेळलो. एवढ्या वर्षांत मे महिन्यात एकही सामना खेळलो नाही. एप्रिलमध्येच आपलं दुकान बंद. मे महिना मी कायम सोफ्यावर बसून बघितला, हातात चिप्सचं पाकीट. खरे सामने तेव्हाच असतात. फिनिक्सवाले मेमध्ये खेळणार, जूनमध्येसुद्धा कदाचित. जायचंय मला.

रेनाटा: मग हो म्हणते. संध्याकाळचं विमान आहे. उद्या सकाळी त्यांचे डॉक्टर तपासतील, की झालं. दुपारी सही.

हार्लन: काय तपासतील?

रेनाटा: नेहमीचंच. रक्त, हृदय, गुडघ्यांचा एमआरआय. का? डॉक्टर? दोघं असे एकमेकांकडे का बघताय?

ओडेल: डॉक, सांगू?

हार्लन: मला विचारू नकोस. तुझा गुडघा, तुझं तोंड.

रेनाटा: काय सांगायचंय? फाइल मी काल रात्री वाचली. डिसेंबरपासून एक ओळ नाही तीत. सगळं ठीक आहे, म्हणूनच तर सौद्याला बसले मी.

ओडेल: ओळ नाही, कारण आम्ही लिहिली नाही.

रेनाटा: म्हणजे?

ओडेल: आतली गादी संपली. उजवीकडची. हाडावर हाड घासतंय. डिसेंबरपासून दर आठ-दहा दिवसांनी डॉक सुईने पाणी काढतो, मग मी खेळतो. आत्ताही तेच चाललं होतं, तू यायच्या आधी.

रेनाटा: किती वेळा?

हार्लन: सात. आजची धरून आठ.

रेनाटा: आठ वेळा. माझ्या इमारतीत. मी जिना चढून रोज या दारावरून जाते.

हार्लन: ओरडायचं तर माझ्यावर ओरडा. पेन माझ्या हातात होतं.

रेनाटा: ओरडायचं त्राण नाही माझ्यात. का पण? तुम्ही तरी का, डॉक्टर? एवढी वर्षं झाली तुम्हाला.

हार्लन: एवढी वर्षं झाली म्हणूनच. या टेबलावर बसवून मी तीस-बत्तीस जणांना सांगितलंय, बाबा, संपलं. प्रत्येक जण माझ्याकडे असा बघतो, जणू मीच पाय मोडला. याला सांगायची वेळ आली आणि जीभ उचलेना. म्हटलं, एक महिना बघू. मग आणखी एक.

रेनाटा: आणि तू? मला नाही सांगावंसं वाटलं?

ओडेल: तू मला बाहेर बसवलं असतंस.

रेनाटा: बसवायलाच हवं होतं!

ओडेल: म्हणूनच नाही सांगितलं. छत्तिसाव्या वर्षी एकदा बसलं की कुणी उठवत नाही, रेनाटा.

रेनाटा: मग आज का सांगितलंस? गप्प राहिला असतास तर हो म्हटलं असतं मी.

ओडेल: आणि उद्या त्यांच्या यंत्रात सगळं दिसलं असतं. सौदा मोडला असता. माझं काय, मी तसाही चाललोय. पण उद्या सगळे म्हणाले असते, बफेलोची बाई सडका आंबा खाली दडवून पेटी विकते. तुला अजून वीस वर्षं या लोकांशी बोलायचंय.

रेनाटा: वीस नकोत. पाच मिळाली तरी पुष्कळ.

हार्लन: आता काय करणार?

रेनाटा: फोन. दुसरं काय? तो डबा सरकवा जरा, बसते मी... हॅलो, ग्रेडी? रेनाटा. नाही, हो म्हणायला नाही केला. ऐक आधी. विकरीचा उजवा गुडघा गेलाय. गादी नाही राहिली. हो, डिसेंबरपासून. नाही, फाइलमध्ये नाही. मला आत्ता कळलं, दहा मिनिटांपूर्वी. तू विश्वास ठेव वा ठेवू नकोस, आत्ता कळलं. हो. हो, समजू शकते. तू म्हणतोस ते बरोबर आहे. बरं, विचार त्यांना, थांबते मी.

ओडेल: शिव्या देतोय?

रेनाटा: आभार मानतोय. ते जास्त लागतं... हं, बोल, ग्रेडी. कधीचा? परत सांग. बरं. अर्ध्या तासात कळवते.

हार्लन: काय म्हणाला?

रेनाटा: पहिल्या फेरीचा गेला. पण त्यांना हा अजूनही हवाय. दुसऱ्या फेरीचा नंबर देतात. सहा वर्षांनंतरचा.

ओडेल: सहा वर्षांनंतरचा! म्हणजे माझ्या बदल्यात जो येणार, तो पोरगा आज सातवीत असेल.

हार्लन: आई त्याला डबा भरून देत असेल.

ओडेल: आणि तो मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी चिप्सच्या बदल्यात तो डबा देत असेल. त्याला तरी जास्त भाव मिळत असेल.

रेनाटा: हसू नका रे. मला हसायला येईल आणि मग थांबणार नाही.

ओडेल: मला कशाला हवंय त्यांना? खरं सांग.

रेनाटा: खरं सांगू? बेंचवर बसायला. त्यांच्याकडे एक तरुण पोरगा आहे, चेंडू चांगला नेतो, पण डोकं लवकर तापतं. त्याच्या शेजारी कुणीतरी हवंय. मेमध्ये गरज पडली तर पाच-सात मिनिटं. नाहीतर तीही नाहीत. कागदावर याला काही अर्थ नाही, ओडेल. आपल्याला काही मिळत नाही. मालक विचारेल, कशाला दिलास? माझ्याकडे उत्तर नसेल. मी नाही म्हणू शकते. मग तू इथेच राहशील. खेळू देणार नाही तुला, पण एप्रिलमध्ये शेवटच्या सामन्याला लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. ते मी नक्की करेन. तो शब्द खुर्चीचा नाही, माझा.

ओडेल: आणि मी सूट घालून हात हलवायचा.

रेनाटा: हो.

ओडेल: छान होईल ते. व्हर्लीन रडेल. केशॉनही रडेल, दाखवणार नाही.

हार्लन: मी घरी बसून बघेन. हे सगळं झाल्यावर मी काही इथे नसणार.

रेनाटा: डॉक्टर, तुमचं नंतर. उद्या सकाळी सगळ्या तारखा लिहून द्या. आठही.

हार्लन: आणि मग?

रेनाटा: मग मी वाचेन. वाचल्यावर काय करेन ते आत्ता नका विचारू. ओडेल, बोल.

ओडेल: टाळ्यांपेक्षा मे बरा.

रेनाटा: बेंचवरून?

ओडेल: बेंचवर घामाचा वास येतो. सोफ्यावर येत नाही. कुणीतरी येऊन शेजारी धप्पकन बसतो, पाणी दे म्हणतो. मी पाणी देईन. त्या तापट पोराला म्हणेन, श्वास घे, पंचाशी भांडू नकोस. एवढं येतं मला. गुडघा लागत नाही त्याला.

हार्लन: विमानात पाय लांब ठेव. दर तासाला उठ.

ओडेल: मघाशी मला नाही म्हणायला सांगत होतास ना रे, म्हाताऱ्या?

हार्लन: आत्ताही तेच म्हणतोय. पण तू ऐकलंयस कधी?

रेनाटा: नक्की, ओडेल? मागे फिरता येणार नाही.

ओडेल: नक्की. तुझं नुकसान होतंय, ते कळतंय मला.

रेनाटा: सहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या फेरीत कोण येईल, कुणाला माहीत? तेव्हा मी इथे असेन असंही नाही... ग्रेडी? रेनाटा. हो. मंजूर. नाही, आणखी काही नको. फक्त त्याला विमानात पुढची सीट द्या, पाय लांब करता येईल अशी. हो, लिहून घे. त्याची सीट.

हार्लन: पोरांना कोण सांगणार?

ओडेल: मी सांगतो. अकराला सराव आहे, सगळे असतील. त्याआधी घरी फोन करतो. टीव्हीवर यायला किती वेळ आहे?

रेनाटा: दहा मिनिटं. माझ्याकडून तरी दहा.

ओडेल: पुरेत... व्हर्लीन? कामात आहेस? बस जरा. नाही, नाही, काही झालं नाही मला. फिनिक्स. हो, आजच. संध्याकाळी. कळलं त्यांना, मीच सांगितलं. हो, सगळं सांगितलं, पाण्याचंही. ओरड, हरकत नाही, ओरडून घे... झालं? तुम्ही दोघी नका येऊ, लेनॉराची शाळेत परीक्षा आहे. चार महिने फक्त. जूनपर्यंत. नाही, मग नाही. मग खेळणार नाही गं, संपलं. मग काय म्हणजे? मग येईन. अगं, कुठे म्हणजे? घरी.