डीकनला पाऊस कळतो

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण अख्ख्या व्हरमाँटमध्ये पाऊस आधी कळतो तो माझ्या या डीकनला," जनावरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेला म्हातारा हार्लन कुत्र्याला थोपटत म्हणाला.

शेजारच्या खुर्चीवरची मार्ला सरसावून बसली. या उन्हाळ्यात तिचं कापलेलं गवत दोनदा शेतातच भिजून कुजलं होतं.

"कसा काय कळतो, आजोबा?"

"डोंगरापलीकडचा गडगडाट ऐकतो. जूनमध्ये आभाळ लख्ख होतं आणि हा भुंकत सुटला. आम्ही तासाभरात सगळे गठ्ठे कोठारात टाकले. मग जो कोसळलाय! पण काडी भिजली नाही."

"तासाभरात?"

"अर्धे यानेच ओढले."

"याचं पिल्लू द्याल मला? मागाल ते देईन."

"देईन की. कान बापावरच जाणार बघ."

हार्लनची बायको एड्ना विणकामातून मान वर न करता म्हणाली, "पोरी, हा बाप चार वर्षं ठार बहिरा आहे. कान दाखवायलाच आणलाय त्याला. त्या दिवशी मेपलच्या झाडाची पानं वाऱ्याने उलटी झालेली पाहून पाऊस येणार हे ओळखलं मी, आणि ओरडत सुटले तीही मीच. पिल्लू राहू दे. गवत कापायच्या आधी मला फोन कर."